दर बाजारी मेथी

ओतूरच्या आठवडे बाजारात मी भाजी घेऊन बसते. लोक जुडी उलटीपालटी करतात, नाक मुरडतात, मग घेतात. एक टोपीवाले भाऊ मात्र उन्हं कलल्यावर शाळेकडून यायचे, एकदा मागे वळून बघायचे आणि न निवडताच मेथीची जुडी पिशवीत कोंबायचे. पिवळी दिली तरी हूं की चूं नाही. बाजार करणारा माणूस असा नसतो. मला राहवेना, विचारलंच.

"शाळंत दारू सोडनाऱ्यांची मिटिंग असती, ताई. घरी सांगतो, बाजाराला चाललो."

"चांगलंच काम की! लपवता कशाला?"

"सोडली, सोडली म्हनून बायकोला लई येळा सांगून झालं. आता न सांगता सोडून बघतो."

गेल्या बाजाराला त्यांची बायको सोबत आली. "आलोच," म्हणून ते शाळेकडे वळले. ती माझ्याशेजारी टेकली आणि ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली.

"आमच्यात मेथी कुनाला आवडत न्हाई," ती हळूच म्हणाली. "तरी दर बाजारी रांधते. ते आले की द्या त्यांना जुडी. मला समदं ठावं हाय, हे त्यांना कळाया नगं."

मी मान हलवली.

"फकस्त पिवळी देऊ नका."