रोपांचं अजीर्ण

तिला सगळे रोपवालीच म्हणत. घरामागे हिरव्या जाळीची शेड होती, तिथे ती भाज्यांची रोपं वाढवून विकायची. त्यात मिरचीची सगळ्यात जास्त. नवरा मालाचा टेम्पो चालवायचा, त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस तो बाहेरगावीच. घरात ती आणि सासरे, एवढीच माणसं.

सासूबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. तोवर शेडचं काम दोघींचं होतं, आता ते एकटीच्या अंगावर आलं. सकाळी ती उठायची आणि पाठ मागाहून उठायची. रडायलाही नीट सवड मिळाली नव्हती, कारण सासूबाईंच्या तेराव्या दिवशीही रोपांना पाणी लागलंच.

सासऱ्यांची सगळी नोकरी कारखान्यात बॉयलरवर झाली. त्या आवाजात कानांनी केव्हाच राजीनामा दिला होता, आणि आता गुडघेही कुरकुरत होते. "बाबा, तुम्ही बसा हो निवांत," असं ती येता-जाता म्हणायची. ते मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. त्यांना बघून तिला आणखीच दमल्यासारखं व्हायचं. बोलायचं म्हटलं तर ओरडावं लागे, आणि ओरडण्याइतकं त्राण तिच्यात उरलेलं नसे.

मिरचीची रोपं जरा अंगाला आली आणि बिघडली. पानं गर्द हिरवी, जवळजवळ काळपट झाली. कडा खाली वळून पान उपड्या वाटीसारखं दिसू लागलं. टोकं करपली, वाढ जागच्या जागी थांबली. दुपारी ऊन चढलं की रोपं माना टाकायची, आणि बोट खुपसून बघावं तर ट्रेमधला कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा भुसा, चांगला ओला.

तिने नवऱ्याला फोन लावला.

"फवारणी कर ना काहीतरी," तो म्हणाला. मागून हॉर्न वाजत होते.

"काहीतरी म्हणजे काय?"

"आता ते मला काय माहीत? तुझं खातं आहे ते."

तिने फोन ठेवला आणि भिंग घेऊन बसली. मिरचीचं पान खाली वळलं की पहिला संशय कोळ्यांवर, नुसत्या डोळ्यांना धड न दिसणाऱ्या किडीवर. तिने एकेक पान उलटून पाहिलं. कोळी नव्हते. खोडं बुंध्याशी घट्ट होती, म्हणजे मर रोगही नव्हता. मग उपाशी असतील का? एवढं सगळं पाहून ती इतकी कंटाळली होती की खताच्या पोत्यात हात घालून तिने मूठभर खत काढलंही. घालावं आणि मोकळं व्हावं. पण भुकेलं रोप फिकट पडतं, त्याची खालची पानं पिवळी होतात. ही तर नको तितकी हिरवी होती. तिने मूठ पुन्हा पोत्यात सोडली.

एक रोप तिने मुळांसकट अलगद उपसलं. मुळं पांढरीशुभ्र हवीत, यांची टोकं चहात बुडवल्यासारखी तपकिरी झाली होती. आणि ट्रेमध्ये वरच्या थरावर, कडेकडेने, पांढरट खरवड धरली होती. नखाने खरवडली तर कुरकुर वाजली. खताचे क्षार साचले होते. रोपांना जास्त खत झालं होतं.

दमलेल्या माणसाला पहिला संशय स्वतःचाच येतो. आपणच झोपेच्या तारेत दोनदा घातलं असणार, असं तिला वाटलं. पण सगळे ट्रे पाहत ती शेडच्या टोकापर्यंत गेली, तेव्हा भिंतीकडच्या रांगा ठणठणीत निघाल्या. पानं सरळ, मुळं पांढरी. बी तेच, पाणी तेच, खताचं मापही तेच. आजारी होते ते फक्त वाटेच्या कडेचे ट्रे, न वाकता हात पोचेल तेवढेच.

हे किडीचं काम नव्हतं. कुणा माणसाचा हात होता.

दुसऱ्या दिवशी ती उजाडतानाच शेडमध्ये गेली. सासरे आधीच आत होते. एका हाताने टेबलाची कड धरून, दुसऱ्या हातातल्या मगाने ते ट्रेमध्ये जपून पाणी ओतत होते. एक थेंब बाहेर सांडत नव्हता. तिने हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही. खांद्याला हात लावला तसे ते दचकले.

"बाबा, काय करताय?"

"खत घालतोय, पाण्यात कालवून. तुझ्या सासूचं काम. ती गेली, आता कोण बघणार?"

"अहो, मी बघते की!"

"तू सगळंच बघतेस. मला म्हणतेस बसा. बसून बसून गंज चढला अंगाला."

"पण खत रोज नसतं घालायचं."

"ती रोज यायची. सकाळी, हातात मग घेऊन. मी दारातून बघायचो."

"त्या नुसतं पाणी घालायच्या, बाबा! पाणी! खत कधीतरीच. आणि ते मी घालते."

सासऱ्यांनी मगात पाहिलं. "मगात काय असायचं ते दारातून दिसायचं नाही गं," ते म्हणाले.

ती पालथ्या क्रेटवर बसली. मग तिने समजावून सांगितलं, "यांना अजीर्ण झालंय. खत फार झालं की मुळांना पाणी ओढता येत नाही. पाण्यात उभी आहेत आणि तहानलीत."

"मी केलं हे?"

"झालं," ती म्हणाली.

मग धुण्याचं काम निघालं. एकेक ट्रे उचलून विटांवर ठेवायचा, वरून साधं पाणी सोडत राहायचं, खालून ते पूर्ण निथळू द्यायचं, पुन्हा सोडायचं. क्षार वाहून गेले की ट्रे सावलीत ठेवायचा आणि खताचं नाव काढायचं नाही. सासरे एक ट्रे उचलायला पुढे झाले.

"नको! तुम्ही नका आता हात लावू कशालाही."

ते आत गेले. त्यानंतर ते दाराशी खुर्ची टाकून बसलेही नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. ताटातलं निम्मं ताटातच राहायचं. तिला ते दिसत होतं. पण आधी रोपं की आधी सासरे, एवढं ठरवण्याचीही तिच्यात ताकद नव्हती.

त्याच आठवड्यात तिचं नेहमीचं गिऱ्हाईक आलं. मोठा मळा सांभाळणारी बाई, घाईत.

"अगंबाई, काय हिरवीगार झालीत! पुढचीच दे मला."

रोपवालीचा हात पुढच्या ट्रेकडे गेला. दिली असती तर ट्रे रिकामे झाले असते आणि ती निजू शकली असती.

"ती नका नेऊ. खत जास्त झालंय, मुळं भाजलीत. भिंतीकडची न्या."

"तेवढ्याने माझं काय होणार?"

"बाकीची दुसरीकडून घ्या. मला या वेळी नाही जमणार."

बाई चिडली. भिंतीकडची रोपं घेऊन गेली, पण जाताना नीट बोलली नाही.

हळूहळू काही रोपांच्या शेंड्यातून नवं पान आलं. पोपटी, मऊ, सरळ. वाकलेली जुनी पानं वाकलेलीच राहिली, ती काही सुधारत नाहीत. पुढच्या रांगांमधली बरीच रोपं मात्र उपसून ढिगावर टाकावी लागली. म्हणजे पुन्हा बी पेरायचं, पुन्हा ट्रे भरायचे. ती रिकाम्या ट्रेंच्या चळतीकडे बघत उभी राहिली. मग हात पुसले आणि सासऱ्यांच्या खोलीत गेली.

"बाबा, चला. मला एकटीला होत नाही."

हे ती आजवर कुणालाच म्हणाली नव्हती, नवऱ्यालाही नाही. सासऱ्यांना पहिल्या खेपेला ऐकू गेलं नाही, तेव्हा परत म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फाटला.

ते उठून बसले. "मी हात लावायचा नाही ना?"

"लावा. पण विचारून लावा."

टेबलापाशी त्यांना खुर्ची दिली. ती ट्रे भरत गेली आणि ते बोटाने खळगा करून एकेक बी टाकत गेले. कामाला अगदी सावकाश. एरवी तिचा जीव वर-खाली झाला असता, आज तिच्यात घाई करायचंही बळ नव्हतं.

"तिला मी कधी विचारलंच नाही, काय घालतेस म्हणून," सासरे मध्येच म्हणाले. "इतकी वर्षं नुसतं बघत बसलो."

तिने त्यांच्यापुढे नवा ट्रे सरकवला.

"मग यांना भूक लागलीय हे कळतं कसं?"

"पान फिकं पडतं."

"काय?"

"फिकं, बाबा! पान फिकं पडतं!"

"बरं," ते म्हणाले, आणि पुढच्या खळग्यात बी टाकलं.