तुमची तारीख कोण पिणार?

आमच्या साडूभाऊंइतका दुसऱ्यांच्या स्वप्नांत रमणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. कुणी काही मागितलं की म्हणत, "मिटा डोळे. मिळालं समजा. आता काय दिसून राहिलंय?" मेहुणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शिलाई मशीन मागितलं तेव्हाही हेच. ती डोळे मिटून म्हणाली, "तुम्ही अजून विचारूनच राहिलात!" मशीन त्याच आठवड्यात आलं. मी तिचीच बहीण बघून आलो तेव्हा त्यांनी मलाही परसात बसवून डोळे मिटायला लावले होते. मला मुलीच्या जागी साडूभाऊच शेजारी बसलेले दिसले, आणि ते खरंच झालं.

लातूर नवा जिल्हा झाला, दुष्काळ हटेना, आणि आम्ही दोघे साडू पाणीपुरवठ्याच्या एकाच कचेरीत येऊन पडलो. काम वेळेत उरकणं माझ्याकडे, लोकांना नेमकं काय हवंय ते विचारून येणं त्यांच्याकडे. पुण्यात कंपनीत असलेली माझी लेक म्हणते, "बाबा, तुम्ही प्रोजेक्ट मॅनेजर होतात आणि काका बिझनेस अ‍ॅनालिस्ट." अशी भारदस्त नावं तेव्हाच मिळाली असती तर आम्ही जरा कमी भांडलो असतो.

अहमदपूरकडच्या एका गावात टाकी बांधायची होती. नकाशा मंजूर, जागा चावडीपुढे, साहेबांनी उद्घाटनाची तारीखही देऊन टाकलेली. साडूभाऊ मात्र लिंबाखाली एकेकाला बसवून डोळे मिटायला लावत होते. रखरखत्या उन्हात मिटल्या डोळ्यांनी बसलेली ती माणसं बघून मलाही क्षणभर कुठूनसा पाण्याचा आवाज आला. कुणाला म्हैस डुंबताना दिसली, कुणाला सारवलेलं अंगण. मग बौद्ध वस्तीतली एक म्हातारी बसली. तिनंही डोळे मिटले.

"आलंय पानी. समदे भरून राहिले. पन म्या न्हाई तिथं."

चावडीपुढच्या आडावर त्या वस्तीला कधी पाणी भरू दिलेलं नव्हतं, आणि आम्ही नकाशात टाकी नेमकी तिथेच काढली होती. साडूभाऊंनी नकाशाची गुंडाळी केली.

"वस्तीत नळ जाईस्तोवर उद्घाटन नाही."

"अहो, तारीख!" मी ओरडलो. "साहेब माझी बदली करतील!"

"सबुरी धरा. तुमची तारीख कोण पिणार हाय?"

तारीख पुढे गेली, साहेबांची बोलणी मी खाल्ली, नळ वस्तीत गेला. म्हातारीनं पहिला हंडा भरला तेव्हा साडूभाऊ पुढच्या गावी कुणालातरी डोळे मिटायला लावून बसले होते. ते तिथे नव्हते याचं मला फार वाईट वाटलं.

परवा अहमदपूरला त्यांना भेटायला गेलो. अंथरुणाला खिळलेत, माणसं ओळखत नाहीत. मला ‘साहेब’ म्हणाले. मी त्यांचा हात धरला. "साडूभाऊ, मिटा डोळे. काय दिसून राहिलंय?"

"म्हातारी पाणी भरून राहिली." मग ओठांत हसले. "आमचे साडू घड्याळ बघून राहिलेत."

त्यांना झोप लागली. हात माझ्याच हातात होता. गावाकडची शेवटची एसटी निघून गेली असणार. मी घड्याळ पाहिलं नाही.