पांढरे गोल

मी शिकवतो त्या शाळेतले पीटीचे सर ओरडल्याशिवाय बोलतच नसत. "काहून ढकलून राहिला बे?" हे त्यांचं रोजचं वाक्य. पण सरांची पाठ फिरली की पोट्टे एकमेकांना ढकलणारच, आणि कोणी पडलं की अख्खं मैदान खिदळायचं.

कोरोनानंतर आमची शाळा अर्धी-अर्धी भरायची, तेव्हा पोरांना लांब लांब उभं करायला सरांनीच मैदानावर पांढरे गोल रंगवले होते. पूर्ण शाळा भरली त्या सकाळी ते म्हणाले, "सोडा आता गोल. रांगा करा." कोणी हललं नाही. ज्यांना गोल मिळाला नव्हता, ती पोरं भिंतीला चिकटून उभी होती.

सरांनी शिट्टी फुंकली आणि ओरडले, "ढकला बे एकमेकाले!"

मी चाटच पडलो. पोरं नुसती बघत राहिली. तेव्हा सरांनी मलाच खांद्याने असा धक्का दिला, की मी सगळ्यांसमोर मातीत आडवा.

कोणीच हसलं नाही. जवळची पोरं अंग चोरून मागे सरकली.

सरांनी मला उठवून माझ्या शर्टावरची माती झटकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले, "सर, हे पोट्टे हसून नाही राहिले."