चुकलेल्या गणितांची पिशवी

आसपासच्या गावांतले आम्ही प्राथमिक शिक्षक महिन्यातून एकदा एकेका शाळेत जमायचो. या गटसंमेलनाला बाकीचे रंगीत तक्ते आणत, शिवमूर्ती आप्पा पिशवीभर चुका आणत. पोरांच्या वह्यांची पानं सतरंजीवर पसरून म्हणत, "बघा, ह्या महिन्यात काय काय बिघडवलंय मी!" चेहरा असा, जणू पेढे वाटायला आलेत.

आप्पा सिरसाळ्याचे. घरचं किराणा दुकान भावाकडे सोडून मास्तरकीत आलेले. कपाळावर भस्माचे पट्टे. चूक सापडली की त्यांचे डोळे चमकत. "बरोबर उत्तर समद्यांचं सारखंच असतंय. चूक मात्र ज्याची त्याची. ती वाचायला शिका."

नव्वदीची वर्षं होती. स्टँडजवळ एसटीडीचा पिवळा बूथ नुकताच आला होता आणि मला तालुक्याच्या गावी बदली हवी होती. संमेलनात यजमान गुरुजींनी घ्यायचा आदर्श पाठ रंगला तर शिक्षण खात्यातल्या साहेबांच्या कानावर नाव जाणार होतं. म्हणून संमेलन माझ्या शाळेत आलं तेव्हा मी तिसरीतल्या सात कच्च्या मुलांना सकाळीच मारुतीच्या देवळात बसवलं. "मी बोलवीपर्यंत हलायचं नाही." उरलेल्यांकडून हातच्याची वजाबाकी मी आठवडाभर घोटून घेतली होती. पाठ झकास झाला. टाळ्या पडल्या.

आप्पा फळ्याचा कोपरा वाचत होते. "पट एकतीस, हजर चोवीस. सात लेकरं कावून न्हाईत, गुरुजी?"

"ज्वारी काढायला गेलीत, आप्पा."

जेवणाच्या सुट्टीत आप्पा पाणी प्यायला म्हणून देवळाकडे गेले आणि परतले ते त्या सातांतल्या सखूचा हात धरून. मी हातातला घास डब्यात ठेवला.

"ही पाहुणी," एवढंच म्हणून त्यांनी फळ्यावर बेचाळीस वजा सतरा मांडलं. सखूनं पस्तीस लिहिलं. कुणीतरी हसलं.

"हसू नका. कसं काढलंस, माय?"

"दोनातून सात जात न्हाईत. मंग सातातून दोन काढले."

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "ऐका! लेकरू अडलं न्हाई, त्यानं वाट काढली!"

शेजारच्या गावचे पवार गुरुजी ताडकन उठले. "आयला, माझी निम्मी पोरं हेच करतेत! मी आळशी म्हणून बडवत होतो!" मग सगळेच एकदम बोलू लागले. एकानं कुंपणाच्या तुऱ्हाटीच्या काड्या मोडून आणल्या, दुसऱ्यानं सुतळीनं दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. "जुडी तिलाच सोडू द्या, तुमी हात लावू नका!" आप्पा ओरडत होते.

चार जुड्या, दोन सुट्या काड्या. सखू सात काढायला गेली, थांबली. आम्ही श्वास धरलेला. तिनं एका जुडीची सुतळी सोडली. बारा काड्या! सात बाजूला ठेवल्या, मग एक अख्खी जुडी.

"पंचवीस!"

मिशा आलेले चौदा गुरुजी विकेट पडल्यासारखे ओरडले. मीही ओरडलो. त्या गलक्यात सखूनं मला विचारलं, "गुरुजी, आता देवळातल्यांना बोलवू?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. पवार गुरुजी म्हणाले, "ज्वारी लई लवकर निघाली की बे!" हशा उसळला. माझी मान वर होईना. आप्पा तेवढे हसले नाहीत. "पळ, बोलव. काड्या लई हायत."

सहाही जण धावत आले. पाठ पुन्हा सुरू झाला तो शेवटच्या एसटीपर्यंत चालला. मी मागं बसून बघत होतो. दोन वर्षं, पाहुणे आले की ज्यांना लपवत आलो, त्यांची बोटं कुठं अडतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

बदलीचा अर्ज मी पुन्हा केला नाही. स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी आप्पांनी पिशवी माझ्या हाती दिली. "हिच्यात चांगलं कायबी टाकू नका."

गेल्या वर्षी आप्पा गेले. पिशवी माझ्याकडे आहे. नवे शिक्षक आले की मी सगळ्यात आधी तळाशी मीच ठेवलेलं एक पान काढून पसरतो. ते त्या आदर्श पाठाचं टाचण आहे. वर माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलंय : पट एकतीस, हजर चोवीस.