खळआजींची भिरभिरी

परदेशात वाढणाऱ्या एका अख्ख्या पिढीच्या मनात ज्यांनी मातृभूमीच्या प्रेमाचा अंकुर रुजवला, अशा थोर व्यक्तींमध्ये खळआजींचं नाव अग्रभागी घ्यावं लागेल. हे वाक्य माझं नाही. ते आमच्या मंडळाच्या वेबसाइटवर आहे आणि त्याच्याखाली चुकून कोजागरीच्या भेळेचा फोटो लागला आहे. मी त्या पिढीतल्या एका मुलीचा बाप आहे. अंकुराबद्दल मला काही सांगता येणार नाही. आमच्या इराच्या बाबतीत जे पक्कं रुजलं ते एवढंच, की मैद्याची खळ शिजवताना गुठळ्या कशा होऊ द्यायच्या नाहीत.

त्यांचं आडनाव देशकर. नागपूरच्या एका शाळेत त्या निवृत्त होईपर्यंत पहिली-दुसरीच्या बाई होत्या. दर उन्हाळ्यात मुलाकडे लंडनच्या एजवेअर भागात यायच्या. मुलगा ब्रॅकनेलला कामाला जायचा, सून सिटीतल्या बँकांच्या भागात, आणि आजी खिडकीतून समोरच्यांची मांजर बघायच्या. इकडे जुलैच्या अखेरीला शाळांना सहा आठवड्यांची सुट्टी लागते आणि दोघंही नोकरी करणाऱ्या घरांतून एक मूक घबराट पसरते. त्या घबराटीतून आजींचा वर्ग सुरू झाला. मंडळ ज्या कम्युनिटी हॉलमध्ये कार्यक्रम करायचं, तिथली किचनला लागून असलेली छोटी खोली अध्यक्षांनी मिळवून दिली. आईबापांनी त्याला ‘संस्कार वर्ग’ असं नाव दिलं. ‘मुलं कुठे ठेवायची वर्ग’ हे बोर्डावर बरं दिसलं नसतं.

वर्गात शिरलं की पहिल्यांदा वास यायचा तो शिजलेल्या मैद्याचा. दुकानातल्या ग्लू स्टिकला आजी ‘कागदाची लिपस्टिक’ म्हणायच्या. “दोन दिवस दिसते अन् मग पुसून जाते,” असं त्यांचं मत होतं. खळीत कीड लागू नये म्हणून नागपूरला त्या चिमूटभर मोरचूद घालत. इथे त्यांनी तो बेत सोडला, कारण मोरचूद विषारी आणि इथली मुलं खळ चाटतात हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. पातेल्याभोवती मुलं उभी असायची आणि आजी कालथ्याने ढवळत हाकारे घालायच्या, “अरे पोट्टे हो, हात मागं घ्या! काय करून राहिला रे तू?” एजवेअरमध्ये जन्मलेल्या मुलांना ‘पोट्टे’ हा शब्द इतका आवडला, की शाळा सुरू झाल्यावर एका गोऱ्या मास्तरांनी आम्हाला त्याचा अर्थ विचारला.

पंधरा ऑगस्ट सुट्टीच्या मधोमध येत असल्यामुळे वर्गात केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या कागदाचं राज्य असे. पताका, पंखे, केशरी क्रेपचे झेंडू, आणि सगळ्यांत जास्त भिरभिरी. पण झेंडा मात्र कधीच नाही. हा नियम मला इराकडून कळला. तिने चौकोनी कागदावर तिन्ही पट्टे चिकटवले होते आणि निळा स्केचपेन हातात घेतला होता.

“आजी, चक्र किती मोठा काढू?”

“काढायचंच नाही. चक्र आलं की तो झेंडा झाला. झेंडा झाला की त्याच्यावर बसायचं नाही, पाय द्यायचा नाही, फेकायचा नाही. तुझ्याच्यानं होईल एवढं?”

इराने प्रामाणिकपणे विचार केला. “नाही.”

“मग भिरभिरं कर. भिरभिरं तुटलं तर कोणी रागावत नाही.”

पुढे कधीतरी मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की त्यांच्या शाळेत स्वातंत्र्यदिनाची सजावट त्यांच्याकडे असायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानातले चिखलाने माखलेले कागदी झेंडे वेचण्याचं कामही. “आदल्या दिवशी सलाम ठोकणारे शेकड्यानं असतात मिलिंद. वेचायला मी अन् शिपाई.” यात कडवटपणा अजिबात नव्हता. घरात किती पोळ्या लागतात हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

भिरभिरं करणं ऐकायला सोपं आहे. चौरस कागद घ्यायचा, चारही कोपऱ्यांतून मध्याकडे चिरा द्यायच्या, एक आड एक टोक मध्ये आणून खळीचा ठिपका द्यायचा, वरून टाचणी, मागे एक मणी, आणि ती टाचणी पेन्सिलीच्या रबरात खुपसायची. मुलांचं हमखास चुकायचं ते चिरा देताना. कात्री चालायला लागली की ती थेट मध्यापर्यंत जायची आणि हातात चार त्रिकोण यायचे. आजी ते त्रिकोण शांतपणे पताकांच्या ढिगात टाकायच्या आणि नवा कागद द्यायच्या. “कापता सगळ्यांनाच येतं. थांबता आलं पाहिजे,” असं म्हणायच्या. आमच्या मंडळाच्या व्यासपीठावरून मी ऐकलेल्या एकाही भाषणात याहून उपयुक्त वाक्य नव्हतं, आणि वक्त्यांना तर ते फारच उपयोगी पडलं असतं.

वर्गाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात अध्यक्षांनी आमच्या बरोच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मेयरबाईंना पंधरा ऑगस्टला बोलावलं. अध्यक्ष मनाने वाईट नव्हते. त्यांना फक्त कार्यक्रमापेक्षा कार्यक्रमाचा फोटो अधिक खरा वाटायचा. ते वर्गात आले, खळीच्या वासाने थोडे मागे सरले आणि म्हणाले, “काकू, एक भव्य कल्पना आहे. मोठा तिरंगा करायचा, स्टेजभर. मुलांच्या हातांच्या ठशांचा. मेयर येतील तेव्हा मुलं त्याच्यासमोर उभी. ब्रिलियंट दिसेल.”

“अन् कार्यक्रम झाल्यावर तो कुठं ठेवणार?”

“ते बघू ना नंतर.”

“मी नंतरचंच विचारून राहिले.”

अध्यक्ष हसले, मग गंभीर झाले. “काकू, समजून घ्या. कमिटीत लोक विचारतात, की ही खोली आपण दर वर्षी देतो, त्याचं आउटपुट काय? काहीतरी दिसायला हवं. नाहीतर पुढच्या वर्षी खोलीचं मला काही सांगता येणार नाही.”

त्या संध्याकाळी मी आजींना घरी सोडायला गेलो. गाडीत त्या म्हणाल्या, “मुलगा-सून फार चांगले आहेत रे. मला जपतात. पण जपायची वस्तू कपाटात ठेवतात. हा वर्ग गेला, तर मी पुढच्या वर्षी येऊन करू काय? मांजर तरी किती बघायची?”

“मग करून टाका ना काकू एक झेंडा,” मी म्हणालो. “कोण बघतंय त्याचं पुढे काय होतं ते?”

“पोट्टे बघतात ना,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस त्यांना नाही म्हटलं, अन् मेयर आली की हो म्हणू?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी अध्यक्षांना फोन करून नकार कळवला. अध्यक्ष म्हणाले, “ठीक आहे, आम्ही मागवतो.” कमिटीच्या भाषेत याचा अर्थ ‘तुमचा वर्ग संपला’ असा होता आणि तो आजींना नीट समजला. तरी त्या गुरुवारी नेहमीप्रमाणे आल्या आणि नेहमीप्रमाणे पातेलं चढवलं.

पंधरा ऑगस्टला सकाळी आम्ही हॉलवर गेलो, तर अध्यक्षांनी ऑनलाइन मागवलेल्या ट्रायकलर पताका भिंतीपासून भिंतीपर्यंत झळकत होत्या. कापडी, झुळझुळीत, शिस्तबद्ध. पट्टे उभे होते. अध्यक्ष शिडीखाली उभे राहून समजावत होते, की दोरीला टांगल्यावर ते असेच दिसतात आणि चक्र बहुधा छपाईत राहून गेलं असावं.

इरा मान वर करून बघत राहिली. मग माझी बाही ओढून म्हणाली, “बाबा, पण ही तर ओर्लाचा झेंडा आहे. सेंट पॅट्रिक्स डेला ती आणते.”

हिरवा, पांढरा, केशरी, म्हणजे आयर्लंडचा झेंडा. मी आजींकडे बघितलं, आजींनी वर बघितलं. तेवढ्यात हॉलचा केअरटेकर डेक्लन किल्ल्यांचा जुडगा घेऊन आत आला. तो मूळचा आयर्लंडमधल्या कॉर्कचा. दारातच थबकून तो भारावल्या आवाजात अध्यक्षांना म्हणाला, “इतकी वर्षं इथे आहे, पण आमच्यासाठी असं कुणीच केलं नव्हतं. कोणाचं लग्न आहे?”

अध्यक्षांचा चेहरा तिन्ही रंगांतून गेला. पताका उतरवण्यात आल्या. डेक्लनने त्या घडी करून मागून घेतल्या. भिंती उघड्या पडल्या आणि मेयरबाई पार्किंगमध्ये पोचल्याचा निरोप आला. “काकू,” अध्यक्ष म्हणाले, “काहीतरी करा.”

आजींनी टोमणा मारला नाही. मी असतो तर मारला असता. मुलं आपापली भिरभिरी घेऊन आली होतीच. त्यांनी दोन्ही भिंतींना मुलांच्या रांगा लावल्या. “हात वर धरा. ढकलाढकली नको. आर्यन, नाकातलं बोट काढ.” मेयरबाई आल्या, गळ्यात मेयरपदाची सोन्याची अवजड साखळी. आपल्याकडे पाहुण्यांना हार आल्यावर घालतात आणि पाहुणे तो लगेच काढून ठेवतात. इथे ते घरूनच घालून येतात आणि शेवटपर्यंत काढत नाहीत. सगळे उभे राहिले. भिरभिरी मात्र हलेनात, कारण हॉलमध्ये वाराच नव्हता. मुलं फुंकर मारू लागली. धाकट्यांपैकी एक फुंकून फुंकून चक्कर येऊन खाली बसला.

तेव्हा अध्यक्षांनी, केवळ सदिच्छेने, वारा यावा म्हणून मागचा फायर एक्झिट उघडला.

अलार्म इतका मोठा वाजला की काही ज्येष्ठांना कार्यक्रम सुरू झाला असं वाटलं. डेक्लनने नियमाप्रमाणे सगळ्यांना बाहेर काढलं. पैठण्या, जॅकेटं, मेयरबाई, साखळी, सगळे कार पार्कमध्ये, रिसायकलिंगच्या डब्यांशेजारी, ‘असेंब्ली पॉइंट’ लिहिलेल्या हिरव्या पाटीखाली. तिथे लंडनच्या ऑगस्टचा तो नेहमीचा, कार्डिगन घालायला लावणारा वारा होता. आणि सगळी भिरभिरी एकदम फिरायला लागली. कोणी मुलांना काही सांगितलं नव्हतं. ती आपोआप गप्प झाली. कुणीतरी राष्ट्रगीत सुरू केलं, ते आतल्या अलार्मसकट पूर्ण झालं. अध्यक्षांनी भाषणही केलं; ओठ हलताना सगळ्यांना दिसले. मेयरबाईंनी एक भिरभिरं मागून घेतलं आणि साखळीत खोचलं.

“भाषण ऐकू आलं नाही,” आजी माझ्या कानाशी म्हणाल्या, “अन् भिरभिरी फिरली. अजून काय पाहिजे बाप्पा?”

पुढच्या आठवड्यात हॉलच्या व्यवस्थापनाने फायर एक्झिटबद्दल नाराजी कळवली आणि छोटी खोली द्यायचं बंद केलं. आजींना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी सुस्कारा टाकला. मग म्हणाल्या, “गेली तर गेली. माझ्यामुळे नाही गेली.” वर्ग आमच्या गॅरेजमध्ये आला. गाडी तेव्हापासून रस्त्यावर असते.

आजी त्यानंतर एकच उन्हाळा आल्या. मग त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि प्रवासाचा विमा मिळेना. त्या वर्षी त्यांनी नागपूरहून व्हिडिओ कॉलवर वर्ग घेतला. गॅसवर पातेलं, समोर टेकवलेला फोन, आणि फोनमधून आवाज, “इरा, गुठळ्या होऊन राहिल्या, हलव! थांबू नको!” जन्मभर पोरांना थांबायला सांगणाऱ्या बाई तेव्हा पहिल्यांदा उलटं बोलल्या. पुढच्या मार्चमध्ये त्यांच्या मुलाचा मेसेज आला, आजी गेल्या. इराने तो दोनदा वाचला आणि विचारलं, “मग आता वर्ग कोण घेणार?” मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, “बघू नाही. मंगळवारी की गुरुवारी?”

म्हणून वर्ग चालू राहिला. मुलं येतात, इरा खळ शिजवते आणि आर्यनला ओरडते. यंदा वर्ग सुट्टीच्या आधीच सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी मुलांनी ठरवलं, की या वर्षी सगळं काही लाल-पांढरं करायचं, कारण फुटबॉल चालू होतं आणि इंग्लंड पुढच्या फेरीत गेलं होतं. आईबापांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे संस्कार वर्गात बसतं का, यावर दोन दिवस गंभीर चर्चा झाली. कुणीतरी ‘मातृभूमी’ आणि ‘कर्मभूमी’ हे दोन्ही शब्द एकाच मेसेजमध्ये वापरले. अध्यक्षांनी हात जोडल्याचे इमोजी पाठवले. तोवर इकडे भिरभिरी तयार झाली होती, गॅरेजच्या दारावर पताका लागल्या होत्या आणि मॅचच्या दिवशी वाराही चांगला होता.

इंग्लंड पेनल्टीवर हरलं.