अक्षता दुसऱ्या पानावर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. आईवडील मेंढरांमागे महिनोन्‌महिने बाहेर असत, तेव्हा येलदरीजवळच्या आपल्या गावी तिने मला ठेवून घेतलं, शाळेत घातलं आणि बीएस्सी होईपर्यंत डबा पाठवला. घरातला पहिला पदवीधर मी तिच्या भाकरीवर झालो.

पदवीनंतर परभणीला लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्या एका स्टुडिओत लागलो. पेन ड्राइव्ह आले तरी आमच्याकडे लग्नाची डीव्हीडी लागतेच. ती हातात देता येते. डीव्हीडी लावली की आधी मेनूचं पान येतं. त्यावर हळद, अक्षता, पाठवणी अशी बटणं. रिमोटने हवं ते निवडायचं, तो भाग संपला की पुन्हा मेनू. कोणतं बटण कुठे नेईल हे मी ठरवायचो. इतकं शिकून आपण एवढं तरी ठरवतो, याचा मला अभिमान होता.

मग आत्याच्या मुलीचं लग्न झालं. आमच्याकडे मुलीवर अक्षता पडताना तिची आई ते पाहत नाही. भोंग्यावर मंगलाष्टका चालू असताना आत्या परसात पाठ करून तुळशीला पाणी घालत बसली होती. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मला दुसरं कायबी नको. अक्षदा तेवढ्या दाव. माझी लेक समद्या गावानं पाह्यली, मीच राह्यले."

मी जीव ओतून मेनू केला. चारच बटणं, पहिलं अक्षतांचं.

डीव्हीडी पक्की होण्याआधी नवरदेवाचे चुलते स्टुडिओत आले. चष्मा लावून त्यांनी मेनू वाचला.

"आमच्या फेट्याचं बटन कुठाय?"

"आहेरात आहे, काका. चौथं बटण."

"चौथं? मांडवात पयला फेटा आमाला बांधला, अन् इथं चौथं?"

"पहिलं करू की, काका," मालक मागून म्हणाले.

ही बातमी नवरीच्या मामापर्यंत, म्हणजे माझ्याच चुलत्यांपर्यंत, संध्याकाळच्या आत पोचली. व्याह्यांच्या माणसाला बटण आणि मामाला नाही, हे त्यांना सहन होईना. मग नवरदेवाचे मामा, मग दोन्हीकडचे आत्येमामा. आठवडाभरात सात फेट्यांची सात बटणं झाली. तारखेप्रमाणे आणि अक्षरांप्रमाणे क्रम लावायला मला कॉलेजात शिकवलं होतं. रुसव्याप्रमाणे लावायला मी नोकरीत शिकलो. पान भरलं; हळद आणि पाठवणी आधीच दुसऱ्या पानावर गेली होती. रुसणार नाही असं एकच बटण उरलं होतं. अक्षता मी दुसऱ्या पानावर नेल्या. रिमोटचा बाण सात वेळा खाली दाबला की 'पुढे' येईल, तिथून त्या सापडतील, अशी चोख वाट करून ठेवली. आपण कुणालाच दुखावलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

डीव्हीडी पाठवल्यावर पुढच्या रविवारी गावी गेलो. आत्याच्या घरी शेजारणी दाटीवाटीने बसल्या होत्या. टीव्हीवर नवरदेवाच्या चुलत्यांना फेटा बांधणं चालू होतं. तो बांधून झाला, मेनू आला. आत्याने उठून प्लेअरचं बटण दाबलं. पुन्हा चुलते, पुन्हा फेटा.

"लय चांगली केलीस बाबा," आत्या म्हणाली. "पण ह्यो माणूस काय उठंना."

"ह्योच नवरदेव हाय का?" एका शेजारणीने विचारलं. "पोरीच्या मानानं लय थोराड दिसायलाय."

"गप गं. व्याही हायत ते."

मी रिमोट मागितला आणि मागता मागताच मला आठवलं. तो प्लेअर मीच तिला दिला होता. स्टुडिओतला जुना, रिमोट हरवलेला. त्याला दोनच बटणं होती: एक डिस्क बाहेर काढायचं, एक चालू करायचं. चालू करायचं बटण मेनूतलं पहिलंच बटण दाबायचं, आणि पहिल्या बटणावर मी चुलत्यांना बसवलं होतं.

शेजारणी गेल्यावर आत्याने हळूच विचारलं, "अक्षदा तुमी घेतल्याच न्हाईत का रं? तसं असंल तर सांग. मी कुनाला बोलायची न्हाई."

मी पायात चपला घातल्या. एसटी धरून परभणीला आलो आणि दुसरी डिस्क करायला बसलो.

"मेनू न्हाई?" मालक म्हणाले. "लोक म्हणतील, काम अर्धवट हाय."

"म्हणू द्या," मी म्हणालो. त्यांच्यासमोर असं मी पहिल्यांदाच बोललो.

ती डिस्क गावच्या एसटीच्या कंडक्टरजवळ दिली. सोबत ही चिठ्ठी होती:

"आत्या, पाया पडतो.

माझ्या पहिलीच्या पुस्तकात तू माझ्यासोबत अक्षरं गिरवलीस, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय. सावकाश वाच. दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नकोस.

अक्षता घेतल्या होत्या. सगळ्या घेतल्या होत्या. फेटे पुढे आणायला त्या मी मागे सारल्या, कारण तू रुसणार नाहीस हे मला माहीत होतं. सांगणारे दुसरे होते, पण हात माझा होता.

या डिस्कवर एकही बटण नाही. आत घाल आणि बस. आधी अंतरपाट दिसेल, मग तुझी लेक. संपलं की आपोआप पहिल्यापासून लागेल. कितीही वेळा बघ.

अक्षता पडताना कॅमेरा एकदा परसातल्या तुळशीकडे वळलाय. तिथे तू पाठमोरी आहेस, हातात तांब्या आहे. मालक काढून टाक म्हणाले. मी ठेवलंय."