कोंडवाड्यातली सायकल

सायकलीला बिल्ला लागायचा हे आता कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं. "कुत्र्याला लागतो तसा?" असं म्हणून माझी नात हसली. हसू दे. आमच्या वाशीमला तेव्हा नगरपालिकेला सगळे कमिटी म्हणायचे, आणि कमिटीचा पितळी बिल्ला अडकवल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणायची सोय नव्हती. दर वर्षी बिल्ल्याचा आकार बदलायचा. एका वर्षी गोल, दुसऱ्या वर्षी पानासारखा, म्हणजे शिपायाला लांबूनच कळावं की या गड्यानं यंदाचा घेतला की नाही. घंटी पाहिजे, डबल सीट नको, अंधार पडला की दिवा पाहिजे. लढाईच्या दिवसांत घासलेट मिळायची मारामार, तरी दिवा पाहिजेच. मग लोक नाक्याच्या अलीकडे खाली उतरायचे आणि सायकल हातात धरून शिपायासमोरून सरळ चालत जायचे. चालणाऱ्याला कोण काय म्हणणार? पुढच्या वळणावर पुन्हा टांग टाकायची.

आमच्या घरी सायकल होती ती माझ्या थोरल्या भावाची. आम्ही त्याला दादा म्हणायचो. बाजारातल्या एका मुसलमान मिस्त्रीच्या दुकानात तो हाताखाली राहून शिकला, आणि मोडक्या सायकलींचे सुटे भाग जमवून त्यानं ही उभी केली होती. लढाई लागली तशी फौजेला मोटारींवर काम करणारी माणसं पाहिजे होती. दादा गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्याची बायको, आमची वयनी, तेव्हा माझ्याहून फार मोठी नव्हती, इंझोरीकडची, कमी बोलणारी, पण एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाही.

निघायच्या दिवशी दादानं सायकल ओसरीत भिंतीला लावून ठेवली. बिल्ला सैल झाला होता, तो तारेनं आवळला. म्हणाला, "आल्यावर पाहू." आणि गेला.

आमच्याकडे माणूस गावाला निघाला की त्याच्या पाठीमागं लगेच झाडू मारत नाहीत. त्याचं येणं झाडून टाकल्यासारखं होतं म्हणतात. वयनीनं ती रीत सायकलीपर्यंत नेली. त्यानं जशी ठेवली तशी राहिली पाहिजे. रोज फडक्यानं पुसायची, पण चाकाला जागचं हलू द्यायची नाही. नवं वर्ष लागलं, बिल्ल्याचा आकार बदलला, तेव्हा बा नवा बिल्ला आणायला निघाला. वयनी दाराआडून म्हणाली, "मामाजी, त्याईनं बांधलेली तार सोडू नका." बा थबकला. मग म्हणाला, "बरं बाई. सायकल तं उभीच हाय. उभ्या सायकलीले कायचा बिल्ला?" पुढच्या वर्षी कोणी विषयही काढला नाही.

यात काय चुकलं ते सांगा. मला अजून सांगता येत नाही. पण चुकलं खरं.

दादाची पत्रं आधी यायची, मग कमी झाली, मग ब्रह्मदेशाकडे धुमाळी माजली आणि बंदच पडली. फौजेकडून एक कागद आला की माणसाचा पत्ता लागत नाही. मेला असंही नाही, आहे असंही नाही. असं अर्धवट कसं लिहितात लोक, मला तेव्हाही राग आला होता. वयनीनं तो कागद वाचून घेतला, घडी करून ठेवला आणि भाकरी टाकायला बसली.

बा कापसाच्या बाजारात मापारी होता. त्या वर्षी त्याच्या डोळ्यांवर पडदा आला, काट्यावरचं दिसेना, आणि मापाऱ्याला काटा दिसत नसेल तर त्यानं बाजारात करायचं काय? माय आधीच गेली होती. घरात मिळवता उरला एक माझा मधला भाऊ. त्याला आमच्या जवळच्या मालेगावच्या सडकेवर मजुरांची हजेरी घ्यायचं काम चालून आलं. काम रोज पुढं सरकणारं. ओव्हरसियरनं अट घातली, सायकल असेल तरच ये. लढाईत नवी सायकल तर राहू द्या, टायरसुद्धा दिसत नव्हता. भावानं कोणाला विचारलं नाही. सकाळी वयनी पाण्याला गेली आणि यानं भिंतीची सायकल काढली, हवा भरली आणि निघाला.

नाक्यावर शिपायानं हात आडवा केला. बिल्ला मागच्या वर्षीचाही नाही, त्याच्याही मागचा. हवा सोडून तंबी दिली असती तरी चाललं असतं, एरवी तेवढ्यावर भागायचं. पण कमिटीत नवा साहेब आला होता आणि सगळ्यांच्या अंगात आलं होतं. सायकल जप्त करून कोंडवाड्यात नेली. कोंडवाडा म्हणजे मोकाट ढोरं डांबायची जागा. दुसऱ्या दिवशी मी पाहून आले. एका भाकड गाईशेजारी साखळीनं बांधली होती आणि सीटवर शेणाचे शिंतोडे होते.

वयनीनं ते ऐकलं तेव्हा भावाला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तो जेवला नाही त्या दिवशी.

ओव्हरसियरनं आठवडाभर वाट पाहतो म्हटलं. म्हणून बा, वयनी आणि मी कमिटीच्या कचेरीत गेलो. बाचा हात माझ्या खांद्यावर, वयनी मागं पदर ओढून. सायकलींचं काम पाहणारा कारकून वाईट नव्हता. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यानं बाला बाक दिला, पाणी मागवलं. सायकल कोणाच्या नावावर, विचारलं. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून मी सांगितलं.

"त्यांना पाठवा," कारकून म्हणाला. "ज्याच्या नावावर बिल्ला त्यालाच सायकल द्यायची, असा साहेबांचा हुकूम आहे. नाहीतर त्यांच्या सहीची चिठ्ठी आणा."

बानं सगळं सांगितलं. फौज, ब्रह्मदेश, तो कागद. कारकून ऐकत राहिला. मग टाक खाली ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाला, "बुवा, एक वाट आहे. मालक मयत असेल तर सायकल बायकोच्या नावावर होते. चिठ्ठी नको, काही नको. बाईंनी फक्त तोंडानं सांगायचं की मालक मयत आहेत, आणि अंगठा द्यायचा. आत्ता घेऊन जा. नाहीतर पुढच्या बाजाराला लिलाव होईल, मग माझ्या हातात काही राहत नाही." आणि थांबून म्हणाला, "कागदच आहे हो. कागदानं काय होतं?"

मी बाकडे पाहिलं. वाटलं, आता हा चिडेल, काठी आपटेल. आमचा बा तसा तापट. बाजारात भल्याभल्यांना ऐकवणारा. पण त्यानं मान वयनीच्या दिशेनं वळवली आणि म्हणाला, "सांग बाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"सांगून टाक. घरी चूल पेटली पायजे. पोराची नौकरी जाते."

माझ्या तोंडून निघालं, "बा, तू काय बोलून राह्यला? तुहा पोरगा हाय तो."

"मले मालूम हाय कोनाचा हाय," बा म्हणाला. "तू चूप बस."

खरं सांगते, त्या क्षणाला मला बापाचा तिटकारा आला. आंधळा झाला तो डोळ्यांनीच नाही, असं मनात आलं. आज मी त्याच्याहून म्हातारी आहे, रिकाम्या डब्याचा आवाज मीही ऐकला आहे, तेव्हा आता तसं म्हणणार नाही. पण त्या दिवशी म्हटलं.

कारकुनानं टाक दौतीत बुडवला. वयनी तोवर परक्या पुरुषाशी कधी बोललेली मी पाहिली नव्हती. सासऱ्यासमोर तर तिचा आवाजही चोरटा निघायचा. तिनं पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जिते हायेत. सायकल ठिवून घ्या तुमी."

आणि वळून चालू लागली. आम्हाला तिच्या मागं जावं लागलं.

घरी आल्यावर बा ओसरीत बसून राहिला, जिथं सायकल असायची त्या भिंतीकडे तोंड करून. वयनीनं ताट वाढून पुढं ठेवलं. तो जेवेना. ती आत जायला निघाली तसा म्हणाला, "सूनबाई, थांब. तू नाई म्हनली, लय बरं केलं. तू हो म्हनली असती तं मी त्याले मारलाच असता. बापानं पोराले मारलं असतं भाकरीसाठी." आणि ढसाढसा रडला. त्याला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, माय गेली तेव्हासुद्धा नाही. वयनीनं पाठीवर हात ठेवला नाही, आमच्याकडे सून तसा ठेवत नाही. ती नुसती उभी राहिली, तो शांत होईपर्यंत.

बाजाराच्या दिवशी डफडं वाजवून लिलाव झाला. सायकल किन्हीराजाकडच्या कोणीतरी नेली. हजेरीचं काम दुसऱ्याला मिळालं, आणि भावानं त्याच सडकेवर गिट्टी फोडायचं काम धरलं. जिथं हातात वही घेऊन उभं राहायचं होतं तिथं हातोडा घेऊन बसला. फार दिवस तो वयनीशी बोलला नाही. ती वाढायची, तो जेवायचा, उठायचा. पुढं बोलू लागला, पण तेही कामापुरतं. मनात अढी राहिलीच. मी सासरी गेले तरी माहेरी आले की ते दोघं एका घरात असे वावरताना दिसायचे आणि माझा जीव तुटायचा.

लढाई संपली. गावातले काही जण परत आले. दादा आला नाही. बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रियाकर्म उरकून घ्या, असं भावकीनं सांगून पाहिलं. वयनीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ज्याले कराचं असंल त्यानं माह्या मांगं करावं." मग कोणाची छाती झाली नाही. बासुद्धा तसाच गेला.

वयनी गेली ती तापानं, दोन-तीन दिवसांतच. मी पोचले तेव्हा अंगणात बाया जमल्या होत्या आणि कुजबूज चालली होती. हिला सवाष्ण म्हणून पाठवायची की विधवा म्हणून? एक म्हातारी म्हणाली, इतकी वर्षं झाली, तो कुठला जिवंत असतो, उगीच पाप कशाला. कोणी काही ठरवेना. मला संताप आला.

मधला भाऊ अंगणातून कधी बाहेर गेला ते कोणी पाहिलं नाही. परत आला तो घाम पुसत. हातात हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या आणि कुंकवाची पुडी होती. बायांच्या मधून सरळ आत आला आणि ते माझ्या हातात देऊन म्हणाला, "भर तिची ओटी. दादा जिता हाय."